साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत क्षयरोग फार, असे म्हटले की उत्तर तयारच असते: "लोकांच्या सवयीच तशा. पक्के घर दिले तरी जिन्यात थुंकणार, खिडकीतून कचरा टाकणार. सरकार काय करणार?"

सवयी वाईट असतील. पण मग रोगही सगळीकडे सारखाच दिसायला हवा. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी इथल्या तीन वसाहती तपासल्या. निष्कर्ष २०१८ साली पुढे आले. तिन्हींत पुनर्वसन झालेलीच कुटुंबे. तरी लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये क्षयरोग पीएमजी कॉलनीच्या कितीतरी पट. थुंकणारे काय एकाच कॉलनीने वगळले होते? फरक होता तो इमारतींमधल्या अंतराचा. पहिल्या दोन ठिकाणी ते जेमतेम तीन मीटर, त्यामुळे खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. क्षयाचे जंतू उन्हात टिकत नाहीत, वाहत्या हवेत विरळ होतात. सव्वादोनशे चौरस फुटांच्या कोंदट खोलीत मात्र एकाचा खोकला सगळ्या घराच्या छातीत जातो.

कुपोषणही कारण आहे, हे मान्य. धान्य जरूर द्या. त्याने समोरची भिंत मागे सरकत नाही.

उरला जागेचा प्रश्न. "मुंबईत मोकळी जागा परवडते का?" १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इथे शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. (त्याने गरिबांची घरेही बेधडक पाडली, तेव्हा गोडवे गाण्याचे कारण नाही.) पण ट्रस्टच्या जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला: समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून त्या कोनात उतरणारा उजेड खोलीच्या पायथ्यापर्यंत पोचलाच पाहिजे. म्हणजे उंचीच्या निम्मी जागा मोकळी; सात मजल्यांसाठी निदान दहा मीटर. शंभर वर्षांनी आपण पुनर्वसन इमारतींना विकास नियमावलीत सवलती देत तीनवर आलो. वाचलेल्या सात मीटरांचे पैसे बिल्डरला मिळाले. सहा महिन्यांची औषधे, बुडालेली मजुरी आणि शाळेतून घरी बसलेले मूल हे रहिवाशाच्या खात्यावर.

अंतरातली ही सवलत रद्द करा. आणि भोगवटा प्रमाणपत्रावर सही करण्याआधी अधिकाऱ्याने तळमजल्याच्या खोलीत दुपारी बारा वाजता, दिवा न लावता, तो कागद वाचून दाखवावा.