सायकलवरच्या कामांची मोजदाद

ऑफिसातली रजा अर्जावर मिळते. बाईला घरातली रजा मात्र कामं उरकून कमवावी लागते. त्यातून जायचं माहेरी, मग तर विचारूच नका! चार दिवस घर आपल्यावाचून चालावं याची सगळी तजवीज आपणच करायची आणि मग एसटीत बसायचं. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ही खरंच मोठी सोय झाली. पण आदल्या दिवशीच्या वणवणीचं काय?

माझी ही वणवण सायकलवर होते. परवा पुण्याहून चिपळूणला निघायच्या आदल्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागलेली. गिरणीत दळण टाकायचं, सासूबाईंच्या गोळ्या, लेकीच्या फॉर्मच्या झेरॉक्स, इस्त्रीचे कपडे, बँकेत बचत गटाचा भरणा, आईसाठी तुळशीबागेतून वाती आणि येताना दळण. “रिक्षानं जा की,” हे म्हणाले. आता गिरणीपाशी दहा मिनिटं आणि बँकेत अर्धा तास कुठला रिक्षावाला थांबणार? स्कूटर लेक घेऊन गेलेली. (घरात एकच स्कूटर असली की ती ज्याला ‘बाहेर’ जायचंय त्याची. गिरणीला जाणं बाहेर जाण्यात धरत नाहीत.)

पावसात सायकल चालवायचं एक तंत्र असतं. रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून तो आधीपासून हळूहळू दाबत यायचं. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर वळायचं नाही, चाक घसरतं. खड्डा किती खोल ते पुढच्या स्कूटरवरून ओळखायचं. आणि सगळ्यात वाईट त्या गटारावरच्या लोखंडी जाळ्या! त्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असल्या की सायकलचं चाक बरोब्बर आत. मोटारीच्या रुंद टायरला ती फट कळतसुद्धा नाही.

आमच्या गटातली एक मैत्रीण सायकलवर चार घरी पोळ्या करायला जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच जाळीत चाक अडकून पडली, मनगट मोडलं. दीड महिना पोळ्या नाहीत म्हणजे पगारही नाही. त्यातल्या दोन घरांनी तेवढ्यात दुसरी बाई लावली. गटातून तिला कर्ज दिलं, ते ती अजून फेडते आहे.

सायकल ट्रॅक नाहीत का? आहेत. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही झाला. पण सायकल म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो तो हेल्मेट घालून पहाटे व्यायामाला निघालेला माणूस, नाहीतर लांबच्या ऑफिसला जाणारा. पिशव्या लटकवून गल्लीबोळांतून सात ठिकाणी थांबत जाणारी बाई कुणाला दिसत नाही. आणि दिसणार तरी कशी? २०११ च्या जनगणनेत कामाला कशानं जाता, किती लांब जाता, हे विचारलं होतं. पण ते शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कमावत्यांनाच. घरकाम करणारीच्या फेऱ्या त्यात आल्याच नाहीत. इकडे २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि असे पुरुष तरी शंभरात साधारण सव्वीसच! म्हणजे वेळ मोजला, वाट मोजली नाही.

बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना सायकली मिळाल्या. फार चांगलं झालं. पण त्या मुली मोठ्या झाल्यावर त्या सायकलींचं काय होतं? वस्तीत मी हे विचारते तेव्हा बहुतेकींचं उत्तर एकच, “भावाला दिली.” लग्नानंतर सायकल म्हणजे गरिबी नाहीतर पोरकटपणा. “वहिनी, आता ह्या वयात?” असं मलाही ऐकवलं जातंच.

मला मोठे ट्रॅक नकोत असं नाही, पण आधी जाळ्यांच्या फटी आडव्या करा. त्याला आराखडा लागत नाही, लोहार लागतो. गिरणी, रेशन दुकान, बँक यांच्यापाशी सायकल साखळीनं बांधायला चार खांब रोवा. आणि २०२७ च्या जनगणनेत कुणी दारात येऊन “काम काय करता?” असं विचारलंच, तर “त्यासाठी कुठे कुठे जाता आणि कशानं?” हेही विचारावं. सांगायला माझ्याकडे बरंच आहे, फक्त त्यांनी लिहून घ्यायला मोठा रकाना आणावा.