संताजींच्या चाकणने गाथेसाठी एवढे करावे

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक महाभारताच्या संगणकीय पाठात शोधायचा, तर ०६०२४०४७ एवढा आकडा पुरतो. सहावे भीष्मपर्व, त्यातला चोविसावा अध्याय, सत्तेचाळिसावा श्लोक. अठरा पर्वांतल्या प्रत्येक श्लोकाला असा पत्ता आहे.

हा पत्ता लिहिणे सोपे नव्हते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली, १३ हजारांवर पाने छापली गेली. पुढे क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी १९९० च्या दशकात तो पाठ संगणकावर उतरवला. केंब्रिजला संस्कृत शिकवणारे जॉन स्मिथ यांनी तो तपासला, दुरुस्त केला आणि सगळ्यांना विनामूल्य खुला करून दिला. स्मिथ अध्यापनातून निवृत्त झाले, तरी जगभरचे अभ्यासक आजही त्यांच्याच पाठावर काम करतात.

ग्रीक आणि लॅटिन अभिजात ग्रंथांचे भाग्यही असेच. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस प्रकल्पात होमर उघडावा, शब्दावर बोट ठेवावे, की त्याचे व्याकरण आणि अर्थ समोर येतो.

मराठीच्या वाट्याला हे सुख थोडेच आले. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश ऑनलाइन पाहायचा, तर मराठी वाचक शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. त्या विद्यापीठाचे उपकार आहेतच. पण आपले काम आपण कधी करणार?

आणि काम तर पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावरच आहे. तुकोबांच्या अभंगांची सरकारी मदतीने निघालेली आवृत्ती इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत छापली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या ताडून पाहिल्या गेल्या. चारांपैकी पहिली तीन गावे याच पट्ट्यातली. चाकणच्या संताजी जगनाडे यांनी उतरवून घेतलेल्या अभंगांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘अस्सल गाथा’ छापली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. भावे १९२६ साली गेले. म्हणजे दोन्ही आवृत्त्यांवर काम करायला कायद्याची आडकाठी नाही.

पानांचे फोटो काढून टाकले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. यंत्र जुने मराठी ठसे वाचते तेव्हा ‘ध’चा ‘घ’ करते, ‘ष’चा ‘प’ करते, अनुस्वार गिळते. अभंगात ‘धन’चे ‘घन’ झाले की अर्थच उलटतो. पाठ कोणत्या वहीतला, कोणत्या आवृत्तीतला, हेही लिहिलेले हवे. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये रिव्हिजन नंबर नसलेल्या ड्रॉइंगवर कोणी जॉब लावत नाही. आवृत्ती न सांगणाऱ्या पाठाचे तेच आहे.

म्हणूनच या कामाला निवृत्त माणसे हवीत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागून वाहनांचे आणि यंत्रांचे कारखाने आले. तिथे उमेदीची वर्षे क्वालिटी कंट्रोलमध्ये घालवलेले कितीतरी लोक आज निगडी-चिंचवडमध्ये राहतात. त्यांच्याकडे नजर आहे, चिकाटी आहे आणि वेळही आहे. जुन्या मराठीची जाण भाषेचे निवृत्त प्राध्यापक पुरवतील. वारकरी घरांतल्या ज्येष्ठांना तर अभंग तोंडपाठ असतात. चुकलेला शब्द त्यांच्या कानाला लगेच खटकतो.

साधनेही हाताशी आहेत. मराठी विकिस्रोतावर एका बाजूला छापील पान दिसते, दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर. एकाने तपासले की पान पिवळे होते. दुसऱ्याने पडताळले की हिरवे. एकाच माणसाच्या शब्दावर पान हिरवे होत नाही, ही शिस्त कारखान्यातल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

इंदुप्रकाशचा पाठ आणि भाव्यांचा पाठ शेजारी शेजारी, प्रत्येक ओळीला क्रमांक, कुणालाही शोधता येईल आणि उतरवून घेता येईल असा हवा. महापालिकेने वाचनालयांत त्यासाठी एकेक संगणक आणि स्कॅनर द्यावा, महाविद्यालयांनी मुले जोडून द्यावीत. चाकण, देहू, तळेगाव, भोसरी, निगडी इथल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढच्या आषाढी वारीची वाट न पाहता पहिली दहा पाने आताच हाती घ्यावीत.