समुपदेशकाजवळ सांगितलेले चार भिंतींत राहावे : जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, हिंगोली

विषय : डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची सवय लागल्याचे रुग्णाने समुपदेशकाला सांगितल्यास त्याची गुप्तता राखण्याबाबत.

महोदय,

आम्ही कनेरगाव नाका येथील ग्रामस्थ सविनय निवेदन करतो की, दारू पिणारा गावाला दिसतो. झोपेच्या गोळ्यांत अडकलेला घरच्यांनाही कळत नाही. तो बोलेल तर समुपदेशकाजवळच. तिथेही त्याला बोलता येत नाही, ही आमची तक्रार आहे.

आमच्यापैकी एकाच्या घरातले सांगतो. सोयाबीन हातचे गेले त्या वर्षी डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. चिठ्ठीची मुदत संपली, गोळी सुटली नाही. एकीच्या तीन झाल्या. शेवटी तो माणूस एका सरकारी दवाखान्यात समुपदेशनाला गेला. टेबल औषधाच्या रांगेला खेटून, मध्ये साधा पडदाही नाही. "दिवसाला किती घेता?" मोठ्याने प्रश्न आला. त्याने मागे वळून पाहिले. रांगेत गावातलेच दोघे उभे होते. "एकच," तो म्हणाला.

हा खोटा आकडा जिवावर बेतू शकतो. अल्प्राझोलामसारखी गोळी रोज जास्त घेणाऱ्याची एकदम बंद झाली तर झटके येऊ शकतात. ती हळूहळू उतरवावी लागते, आणि कुठून उतरवायला सुरुवात करायची हे खरा आकडा कळल्याशिवाय कोणत्या डॉक्टराने ठरवावे?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे आणि कलम २३ ने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल, उपचार करणाऱ्या इतर डॉक्टरांना गरज असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. हे आम्हाला मान्य आहे. पण चुलतभावाने चौकशी केली किंवा गावातल्या पुढाऱ्याचा फोन आला, तर ती माहिती देण्याची सोय या कायद्यात नाही. पोलिसांत नाव जाईल ही भीतीही मोठी आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते, हे रुग्णाला कोणी सांगतच नाही.

म्हणून जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी दवाखान्यात समुपदेशनाला दार लागणारी खोली द्यावी. एचआयव्हीच्या समुपदेशनात ही काळजी घेतली जाते, मग इथे का नाही? पहिला प्रश्न विचारण्याआधी काय गुप्त राहील आणि काय सांगावे लागेल, हे रुग्णाला साध्या मराठीत समजावून द्यावे. समुपदेशनाची नोंदवही टेबलावर उघडी राहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्याच्या फलकावर लावावा. ज्याला गावात तोंड उघडवत नाही, त्याला निदान फोनवर बोलता येईल.

तपासणी करायचीच तर औषध दुकानांची करावी. औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीतल्या, म्हणजे अल्प्राझोलामसारख्या, गोळ्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपणे दुकानदाराला बंधनकारक आहे. जुन्या चिठ्ठीवर पाकिटामागून पाकीट कसे दिले गेले, याचा जाब तिथे विचारावा.

केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती ३० दिवसांत मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, कनेरगाव नाका, ता. जि. हिंगोली

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हा शल्यचिकित्सक, हिंगोली