आरोग्यचिंतन : पांढरा डाग आणि रक्तातील आकडा



गतवर्षी या सदरात आपण मधुमेहाचा विचार केला. यंदाचा विषय एका भगिनीने माझ्या हाती दिला, तोही कागदाच्या रूपाने. गणेशोत्सवाच्या मंडपात आरती आटोपल्यावर त्या माउलीने पदराआड धरलेला रक्ततपासणीचा अहवाल पुढे केला आणि हलक्या स्वरात म्हटले, "भाऊ, मुलीच्या हातांवर कोड आहे. मुलाकडची मंडळी म्हणतात, रक्त तपासून आणा. रक्त शुद्ध निघाले तरच पुढची बोलणी. आकडे चांगले आहेत ना?"

आकडे चांगले होते. तथापि मला आनंद झाला नाही. कारण मूळ प्रश्नच चुकीचा होता.

कोड म्हणजे रक्ताची अशुद्धी नव्हे. त्वचेला वर्ण देणाऱ्या रंगपेशी असतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी भ्रमाने या स्वकीयांनाच शत्रू लेखून त्यांचा नाश करतात, आणि तेथे डाग उमटतो. जगात शंभर माणसांत सुमारे अर्धा ते एक इतके या विकाराचे प्रमाण आहे. त्याला जंतू नाही. म्हणून तो स्पर्शाने वा सहभोजनाने पसरत नाही. महारोगाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो रोग सर्वस्वी निराळा. महारोगाच्या चट्ट्यावर बधिरता येते. कोडाच्या डागावर मात्र टाचणीचा स्पर्शही पूर्ण कळतो. आपल्या सुश्रुतानेही किलास केवळ त्वचेत राहतो व स्रवत नाही, असा कुष्ठाहून त्याचा भेद सांगितला आहे. हा भेद समाज मात्र विसरला.

मग रक्त का तपासतात? शरीरात कोठे दाह असेल तर त्याची काही चिन्हे रक्तात उतरतात. रक्तकण नळीच्या तळाशी किती वेगाने बसतात हे पाहणारी ई.एस.आर. ही एक तपासणी. दुसरी सी.आर.पी.; हे यकृतात तयार होणारे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. तिसरे चिन्ह म्हणजे न्यूट्रोफिल व लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे परस्पर प्रमाण. काही अभ्यासांत कोड असलेल्यांमध्ये यांतील एखादा आकडा किंचित अधिक आढळला, तर काहींत निरोगी माणसांपेक्षा फरक दिसला नाही.

याचे कारण उसाच्या मळ्यावरून ध्यानी येईल. मळा पेटला तर धूर दुरूनही दिसतो. पण पाचटाखाली धुमसणारी ठिणगी दुरून दिसत नाही. कोडाचा दाह प्रायः त्वचेतच धुमसतो. उलट साधी सर्दी वा किडलेला दातही सी.आर.पी. वाढवू शकतो. म्हणून आकडा चांगला आला म्हणजे कोड गेले असे नाही, आणि वाढला म्हणजे कोड पसरणारच असेही नाही.

परंतु हे संशोधन व्यर्थ नाही. सी.एक्स.सी.एल.-१० नावाचा रासायनिक संदेश मारक पेशींना त्वचेकडे बोलावून आणतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनाने दाखविले. हा संदेश ज्या मार्गाने निर्माण होतो तो मार्ग रोखणाऱ्या रुक्सोलिटिनिब या मलमास २०२२ साली तेथे कोडाच्या उपचारासाठी मान्यता मिळाली. अतिनील किरणांचा नियंत्रित उपचारही उपयोगी पडतो. चेहऱ्यावर रंग लवकर परततो. बोटांच्या टोकांवर परतणे कठीण असते.

त्या माउलीला मी इतकेच सांगितले : मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. रक्तात पाहायचेच असेल तर थायरॉइड पाहा, कारण त्याचा विकार कोडाबरोबर पुष्कळदा आढळतो. डागांना कडक उन्हापासून जपा. आणि संततीची भीती? रक्ताच्या नात्यात संभव थोडा वाढतो खरा, परंतु कोड असलेल्या आईबापांच्या बहुसंख्य मुलांना कोड होत नाही.

यावर ती म्हणाली, "हे मला पटले, भाऊ; पण त्यांना कोण सांगणार?"

वाचकहो, ते काम आपले आहे. आपले पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून एका जहाजातून आले, एका छताखाली राहिले आणि एका भांड्यातले जेवले. त्यांच्या नातवंडांनी हळदीकुंकवाच्या ताटापासून एखादीचा हात दूर ठेवावा, हे शोभत नाही. तेव्हा सोयरीक जुळविताना कोणी अशा मुलीच्या रक्ताचा अहवाल मागितला, तर तेथे उपस्थित असलेल्या वडीलधाऱ्यांनी मौन न धरता हा विषय समजावून सांगावा, एवढीच या सदराची यंदाची विनंती.