बंबाला धुराडं होतं...

परवा भंडाऱ्याहून आत्याचा फोन आला. गॅसचा गीझर पेटत नव्हता, मिस्त्री येऊन गेला, आता झकास चालतोय. काय केलं त्याने? सेल बदलले, पाण्याची जाळी साफ केली, तीनशे रुपये घेतले. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "नातवाला मात्र आंघोळीनंतर दोनदा गरगरलं रे. उपाशीपोटी जातो ना न्हायला, म्हणून."

माझ्या पोटात गोळा आला.

मंडळी, बिघाड शोधायची आपली रीतच उलटी आहे. पाणी तापलं नाही तर मिस्त्री, आणि पोरगं गरगरलं तर अशक्तपणा! खरं तर गीझर न पेटणं हे किरकोळ दुखणं. सेल उतरलेले असतात, टाकी पुरेशी उंच नसल्याने पाण्याला दाब नसतो, नाहीतर जाळीत क्षार अडकलेले असतात. या तीन गोष्टी घरातलं कोणीही पाहू शकतं. जो गीझर नीट पेटतो, त्याच्याकडे मात्र कोणी बघत नाही.

गॅस जळायला हवा लागते. बंद न्हाणीघरात ती कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. (सिलिंडर गळला की येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो, इथे ती सोय नाही.) रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पायातलं बळ जातं... आणि कडी तर आतून लावलेली!

आमचा भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. आजोबांकडे बंब होता, अंगणात. मधल्या नळीत लाकडं जळायची, भोवती पाणी तापायचं आणि धूर वरच्या धुराड्यातून आभाळात जायचा. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या वस्तूला धुराडं होतं! आपण सुधारलो, विस्तव उचलून थेट न्हाणीघरात आणला आणि धुराडं तेवढं अंगणात विसरलो. बिल्डर हातभर झरोका ठेवतो, दुकानदार खिळे ठोकून जातो, आणि 'हा धूर कुठे जाणार?' हे कोणीच विचारत नाही. आपणही नाही.

"आमच्याकडे आठ वर्षं आहे, काही झालं नाही," हे उत्तर ठरलेलं. अहो, बाकी वर्षभर खिडकी उघडी असते. पारा दहाच्या खाली गेला की आपणच झरोक्याला पुठ्ठा लावतो. तुम्हाला आठ वर्षं खिडकीने वाचवलं, गीझरने नव्हे.

तेव्हा एवढं कराच. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत हलवा आणि गरम पाण्याचा फक्त नळ आत घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच आंघोळ. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवा. कोणी आत पडलंच तर आधी दार उघडून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि डॉक्टरांना 'गॅस गीझर होता' हे आवर्जून सांगा. करोनात घेतलेल्या त्या बोटाच्या यंत्रावर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन आणि या विषातला फरक कळत नाही, आकडा छान अठ्ठ्याण्णव दाखवेल.

असो. आत्याला रात्री पुन्हा फोन केला. म्हणाली, "पुठ्ठा काढला रे बाबा, पण थंडी किती वाजते!"

वाजू दे, आत्या. थंडी वाजते हे निदान कळतं तरी.