बाथरूमचा रंग आणि तुमचं कोटेशन

पेंटिंगची कामं नव्याने घेणारे मला हमखास विचारतात, "सर, बाथरूमला कुठल्या कंपनीचा रंग देऊ?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की भिंत ओली का आहे?

आपल्या एका बॅचमधल्या मुलाने मे महिन्यात एका सोसायटीत बाथरूम रंगवलं. गिऱ्हाईक म्हणालं स्वस्तात करा, याने डिस्टेंपर मारला. ऑगस्टमध्ये पोपडे सुटले, कोपऱ्यात काळी बुरशी. फुकट परत करून दिलं. दिवाळीत पुन्हा तेच! वरच्या फ्लॅटमधून पाणी झिरपत होतं. महागाचा रंग मारला असता तरी तो सुटलाच असता. मजुरी तर गेलीच, त्याच सोसायटीतली ठरलेली दोन कामंही गेली. त्याने पहिल्याच दिवशी "आधी गळती काढा, मग मला बोलवा" म्हणायला हवं होतं.

ओल कुठून येतेय ते बघायला मशीन लागत नाही. भिंत वरून कोरडी दिसेल तेव्हा फूटभर प्लास्टिकचा कागद घ्या, चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. मग काम प्लंबरचं आहे, तुमचं नाही. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती आंघोळीची वाफ. तिथे एक्झॉस्ट फॅन लावायला सांगा.

आता रंग. बाथरूमला डिस्टेंपर नकोच. तो ओल धरतो आणि ओल्या फडक्याने पुसला की निघतो. बुरशी रोखणारं ॲक्रिलिक इमल्शन घ्या, फिनिश सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. मॅट दिसतो छान, पण साबणाचे डाग त्यावरून नीट पुसले जात नाहीत.

"सर, गिऱ्हाईक पैसे देत नाही." अहो, हिशोब तर मांडा! 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, टाईल्सच्या वर अडीच फूट भिंत. घेर 24 फूट, म्हणजे भिंत 60 चौरस फूट. छत 35. एकूण 95. गुळगुळीत भिंतीवर चांगल्या इमल्शनचा एक लिटर यात दोन हातांना साधारण पुरतो. डब्यावरचं कव्हरेज वाचून खात्री करा. एका लिटरमागे फरक पडून पडून किती पडणार? खरा खर्च खरवडण्याचा, पुट्टीचा, प्रायमरचा आणि तुमच्या दिवसांचा आहे. आणि नेमकं तेच आपण कोटेशनमध्ये लिहीत नाही, "रंगकाम" एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतो.

बुरशीवर नुसता रंग मारू नका, ती खालून परत येते. पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचने आधी धुवा, भिंत पूर्ण वाळू द्या. आणि हे हेल्परलाही सांगा: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल.

पुढच्या कोटेशनमध्ये तयारीचा खर्च वेगळा दाखवा आणि खाली ही ओळ टाका: "गळती दुरुस्त होऊन भिंत वाळल्यावरच काम सुरू होईल. नंतर नवीन गळती झाल्यास पुन्हा रंगवण्याचा खर्च वेगळा." गिऱ्हाइकाची सही घ्या, मगच ब्रश उचला.