‘गोड’ डिस्टॉर्शनच्या नावानं

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनच्या शौकिनांशी गप्पा मारताना एक वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. “रचनेत थोडा असमतोल राहिला तर बिघडलं कुठे? त्यानं दुसरा हार्मोनिक वाढतो, आणि तो कानाला गोडच लागतो.” मला हे पटत नाही. त्या हेडफोनवर तुम्ही रागसंगीत ऐकत असाल, तर तुम्हालाही पटू नये.

रचना सोपी आहे. मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ प्लास्टिकचा पडदा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या मिलिमीटरवर एकेक जाळी. पडद्यावर मोठं स्थिर व्होल्टेज (स्टॅक्सच्या ‘प्रो’ हेडफोनमध्ये ५८० व्होल्ट), आणि गाण्याचा सिग्नल दोन जाळ्यांना उलटसुलट. एक ओढते, दुसरी ढकलते असं आपण म्हणतो खरं, पण दोन्ही ओढतच असतात. एक जास्त, एक कमी.

ही ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. शाळेतलं (अ + ब)² आठवा. अ म्हणजे स्थिर व्होल्टेज, ब म्हणजे गाणं. एकच जाळी असेल तर २अब हे गाणं मिळतं, पण सोबत ब² हा बिनबुलाया पाहुणाही येतो. दुसऱ्या जाळीची ओढ (अ − ब)². वजाबाकी करा: ४अब उरतं, ब² गायब. सिग्नल स्थिर व्होल्टेजच्या १० टक्के धरला, तर एका जाळीत दुसरा हार्मोनिक अडीच टक्के येतो आणि दोन जाळ्यांत शून्य. पडदा मध्यापासून फक्त ५ टक्के, म्हणजे २५ मायक्रॉन सरकला, तरी पाव टक्का परत येतो. केससुद्धा याहून जाड असतो!

हा हिशोब पडद्यावरचं व्होल्टेज स्थिर धरून केला आहे. हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट यांनी १९५४ च्या पुस्तकात दाखवलं, की व्होल्टेजऐवजी विद्युतभार स्थिर ठेवला तर पडदा कुठेही असो, सिग्नलमुळे लागणारं बल तेच राहतं. पीटर वॉकर यांच्या क्वाड स्पीकरनं १९५७ मध्ये हे तत्त्व घराघरात नेलं. त्यासाठी पडद्यावर अतिशय जास्त रोधाचा लेप लागतो, म्हणजे एका कंपनाच्या वेळात भार इकडेतिकडे पळू शकत नाही. माझ्या मते खरं श्रेय या लेपाचं आहे, समतोलाचं नंतर. लेप बिघडला की मात्र असमतोल डोकं वर काढतो, आणि तोही आधी खर्जात, कारण संथ कंपनात भाराला पळायला वेळ मिळतो.

(कानाकडची बाजू बंद आणि बाहेरची उघडी, हाही असमतोलच. पण त्यानं मुख्यतः कुठला स्वर मोठा आणि कुठला लहान हे बदलतं. डिस्टॉर्शनशी त्याची गल्लत करू नका.)

आता गोडव्याकडे. षड्ज २४० हर्ट्झवर धरा. ब² मुळे ४८० येतो, म्हणजे तार षड्ज. तक्रारीला जागाच नाही! पण आपलं संगीत एका स्वराचं कधीच नसतं, मागे तानपुरा असतो. मालकंस चालू आहे, गायक कोमल गंधारावर, २८८ हर्ट्झवर, स्थिरावला आहे. आता तोच ब² या दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकीही तयार करतो: ५२८ आणि ४८. तार कोमल रिषभ ५१२, तार शुद्ध रिषभ ५४०. म्हणजे ५२८ धड कुठलाच रिषभ नाही, आणि मालकंसात तर रिषभ वर्ज्य! शिवाय दोन्ही मूळ स्वर सारख्याच जोराचे असतील, तर गणितानं या बेरजेची तीव्रता त्या ‘गोड’ तार षड्जाच्या दुप्पट निघते.

पाव टक्का ऐकू येतो का? बहुतेक वेळा नाही. गाण्याखाली झाकला जातो. माझा आक्षेप प्रमाणावर नाही, दोषाला चव म्हणून विकण्यावर आहे. परदेशात आपल्यापैकी बरेच जण अशी महागडी यंत्रं सेकंडहँड घेतात. घेण्यापूर्वी ९०० आणि १००० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र, मध्यम आवाजात वाजवून बघा. १०० ची घुमी ऐकू आली तर हेडफोन उलटे घाला, कारण असे स्वर आपला कानही तयार करतो. घुमी कानाबरोबर राहिली तर दोष कानाचा. कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली, तर विक्रेत्याला पडद्याबद्दल विचारा.